जॉन डेन्व्हरच्या ‘अ‍ॅनीज साँग’मागची खरी गोष्ट काय? लग्नाच्या मंडपात म्हणायचं आहे

निवेदक_दारव्हा

राजेहो, थोडी मदत पाहिजे. मे महिन्यात गावी लग्न आहे. आदल्या संध्याकाळी मंडपातच गाण्यांचा छोटा कार्यक्रम ठेवला आहे. बाकी सगळी गाणी मराठी-हिंदी, पण नवरीची एक फर्माईश आहे: जॉन डेन्व्हर यांचं ‘अ‍ॅनीज साँग’. समोर म्हातारी माणसं, बायाबापड्या, शेतावरून थेट आलेली मंडळी असतील. इंग्रजी फार कोणाला समजणार नाही. म्हणून गाण्याआधी दीड-दोन मिनिटांचं निवेदन करायचं आहे: हे कोणी, कोणासाठी, कसं लिहिलं.

अडचण अशी की या गाण्याच्या तीन गोष्टी मोबाईलवर फिरून राहिल्या आहेत. एकीत म्हणते, बायको सोडून गेली त्या दुःखात लिहिलं. दुसरीत बायको वारल्यावर लिहिलं. तिसरीत डोंगरावर दहा मिनिटांत सुचलं. खरी कोणती?

दुसरा प्रश्न वाजवण्याचा. पेटी, तबला, साधी गिटार आणि बासरी आहे. गाणारी मुलगी एरवी काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. बासरी एकच आहे, पांढरी पाचची. मूळ गाणं पांढरी दोनमध्ये आहे असं गिटारवाला म्हणतो. सरावात पहिली ओळ बरोबर जाते, दुसऱ्या ओळीत तबला एकीकडे आणि गाणं एकीकडे. काहून होते ते कोणालाच समजून नाही राहिलं.

तिसरं, मराठीत शब्द करून म्हटलं तर चालते का?

जुनी_तबकडी

भाऊ, तिसरी गोष्ट खरी, पण अर्धी. पहिल्या दोन टाकून द्या.

नुसत्या तारखा ओळीनं मांडल्या तरी पहिल्या दोन गळून पडतात. डेन्व्हर आणि अ‍ॅनी मार्टेल यांचं लग्न १९६७ चं. गाणं बाहेर आलं १९७४ मध्ये, ‘बॅक होम अगेन’ या अल्बमात. घटस्फोट झाला १९८२ मध्ये, म्हणजे गाण्यानंतर आठ वर्षांनी. सोडून जाण्याच्या दुःखात लिहिलं हे जमूच शकत नाही. बायको वारली हे तर साफ खोटं. गेले ते डेन्व्हर स्वतः, १२ ऑक्टोबर १९९७ ला. कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरावर ते स्वतः चालवत असलेलं छोटं विमान समुद्रात कोसळलं.

आता डोंगराची गोष्ट. जागा म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं अ‍ॅस्पेन. डेन्व्हर यांचं घर तिथंच होतं. गावच मुळात सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. आपल्या चिखलदऱ्याचं वैराट टोक १,१७८ मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीपेक्षा उंच जागी ते गाव, आणि डोंगर त्याच्याही वर. हिवाळ्यात तिथं लोक पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली येतात. पुन्हा वर जायला तारेवर टांगलेल्या खुर्च्या असतात. खुर्चीत बसायचं, पाय अधांतरी, आणि तार ओढत वर नेते. तेवढा वेळ माणसाला काहीच काम नसतं.

डेन्व्हर एक फार अवघड उतार उतरून आले होते. त्या भरात, खुर्चीत बसून वर जाताना, भोवतालचे रंग आणि आवाज एकदम अंगावर आले, त्यातून बायकोची आठवण आली आणि त्यातून गाणं. हे सगळं दहा मिनिटांच्या आसपास झालं असं त्यांचं सांगणं. मग ते घसरत खाली आले, घरी गेले आणि लिहून काढलं, हे अ‍ॅनी यांनी सांगितलेलं.

अ‍ॅनी यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. ती मोबाईलवरच्या गोष्टीत कुठेच नसते, आणि माझ्या मते गाण्याचं मर्म तिथं आहे. त्या काळात दोघं एका कठीण टप्प्यातून गेले होते आणि नुकतंच पुन्हा बरं चालू झालं होतं. म्हणजे हे नव्या नवलाईचं गाणं नाही. लग्नाला पाच-सहा वर्षं झालेल्या, एकदा हादरून पुन्हा सावरलेल्या जोडप्याचं आहे. शब्द पाहा: तू माझं सगळं भान भरून टाकतेस असं सुरुवातीला आहे आणि शेवटी मागणं आहे ते पुन्हा भरून टाक असं. त्या ‘पुन्हा’मध्ये सगळी गोष्ट आली. गाताना तो शब्द घाईत गिळू नका.

गाण्यात ‘अ‍ॅनी’ हे नाव एकदाही येत नाही, फक्त शीर्षकात आहे. डोळे, केस, चेहरा यांचंही वर्णन नाही. येतं ते रात्रीचं रान, वसंतातले डोंगर, पावसातलं चालणं, वाळवंटातलं वादळ, निजलेला निळा समुद्र. यातलं वाळवंट आणि समुद्र सोडले तर मेळघाटाच्या पायथ्याच्या माणसाला काहीच परकं नाही. तुमच्या निवेदनात याचा उपयोग करा. अ‍ॅनी यांनी असंही म्हटलं आहे की सुरुवातीला ते प्रेमगीत होतं, पण डेन्व्हर यांच्यासाठी ते पुढे प्रार्थनेसारखं झालं. आपल्याकडच्या श्रोत्याला हे लगेच समजेल, कारण देवाला आणि माणसाला एकाच शब्दांत हाक मारणं आपल्या गाण्यांत जुनंच आहे.

आता अर्धी गोष्ट का म्हटलं ते. दहा मिनिटांत आलं ते पहिलं रूप. निर्माते मिल्टन ओकन यांनी चाल ऐकून डेन्व्हर यांना सांगितलं, ही तर रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिम्फनीच्या, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या, दुसऱ्या भागासारखीच आहे. डेन्व्हर पियानोवर जाऊन बसले आणि तासाभरानं परत आले. तेव्हा जुन्या चालीतले पहिले पाच सूर तेवढे उरले होते, असं ओकन सांगत. ती सिम्फनी १८८८ ची. तो दुसरा भागही डी मेजरमध्येच, म्हणजे पांढरी दोनमध्येच आहे आणि हॉर्न नावाचं पितळी वाद्य ती सुरावट एकटं वाजवतं. मूळ ठेका बारा-आठचा, म्हणजे तीन-तीनचे चार गट. डेन्व्हर यांचं गाणं तीन मात्रांचं. दोन्हींचं चालणं तिनाचं, म्हणून एक दुसऱ्यात नकळत मिसळलं असावं असं मला वाटतं. याला चोरी म्हणू नका. चोरी करणारा माणूस तासभर बसून ती मोडत नाही.

गाणं अमेरिकेत जुलै १९७४ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, ब्रिटनमध्ये त्याच वर्षी ऑक्टोबरात. निवेदनात एवढे आकडे पुरे.

पेटीमास्तर_आर्वी

गोष्ट वर नीट आली आहे, मी वाजवण्याचं सांगतो.

पहिले पट्टी ठरवा. मूळ पांढरी दोन हे बरोबर. पण तुमच्याकडे पांढरी पाचची एकच बासरी आहे. पेटी कोणत्याही पट्टीत वाजते, गिटारचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदलता येतात, बासरीला मात्र भोकं जिथं आहेत तिथंच आहेत. म्हणून सगळ्यांनी पांढरी पाचवर या. काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीला अर्धाच सूर खाली यावं लागते, ते तिला सोपंच जाईल. तिला फक्त सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर आधी गाऊन पाहू द्या. खालचा सूर नुसता हवेसारखा निघत असेल तर पट्टी बदलण्याआधी माइक जवळ घ्या. त्यानंच बऱ्याचदा भागते.

आता दुसऱ्या ओळीत काहून सुटते ते.

पहिलं कारण: तबलजी सवयीनं केरवा धरत असेल. केरव्याच्या आठ मात्रा, आणि हे गाणं तिनाचं आहे. इथं दादराच पाहिजे, सहा मात्रा: धा धिं ना, धा तिं ना. एक ओळ बरोबर दोन आवर्तनांत, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्यांत बसते, बारा मात्रा. केरव्यात पहिली ओळ कशीबशी भरून निघते, दुसरीत फाटते.

दादरा धरूनही सुटत असेल तर दुसरं कारण पाहा. गाण्याचा पहिला शब्द समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर नाही, समेच्या आधीच्या मात्रेवर आहे. म्हणजे पहिला शब्द सहाव्या मात्रेवर उचलायचा आणि दुसरा शब्द समेवर आदळायचा. पहिल्या ओळीआधी एकच छोटा शब्द आहे, म्हणून ते जमून जाते. दुसऱ्या ओळीआधी मात्र दोन छोटे शब्द आहेत, आणि ते दोन्ही मिळून एकाच मात्रेत म्हणायचे आहेत. गाणारी मुलगी बहुतेक त्यांना एकेक मात्रा देत असेल. तिथं एक मात्रा वाढते, आणि पुढची सगळी ओळ मात्राभर मागे जाते. तबलजी बिचारा बरोबर असतो आणि बोलणी त्यालाच बसतात.

उपाय: एक दिवस वाद्यं बाजूला ठेवा. टाळी देत फक्त शब्द म्हणा. टाळी पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. दुसऱ्या ओळीचे ते दोन छोटे शब्द सहाव्या मात्रेच्या पोटात कोंबून म्हणा. दहा-पंधरा वेळा म्हटल्यावर जीभ वळते. चाल नंतर लावा.

तबलजीला लग्गी, म्हणजे जलद उडता ठेका, लावू देऊ नका. दादऱ्यात हात सुटला की लग्गी येतेच, पण इथं त्यानं गाणं नाचायला लागते. बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, मऊ आणि समेवर हलकी थाप, एवढंच. पहिलं कडवं तबल्याशिवाय गिटारवर गेलं तर आणखी चांगलं, तबला दुसऱ्या कडव्यापासून.

चाल शुद्ध स्वरांची आहे, बिलावल थाट समजा. पांढरी पाचला सा धरला की सगळे सूर पांढऱ्यावर येतात, नी तेवढा काळी तीनवर. गाण्याला वेगळा मुखडा नाही. त्याच चालीची कडवी आहेत आणि शेवटी पहिलं कडवं परत येते. म्हणून दर ओळीनंतर पेटीवर पीस भरायची आपली सवय इथं आवरा. ओळ संपल्यावरची मोकळी जागा मोकळीच राहू द्या, गाणाऱ्याला श्वास तिथंच मिळतो.

सुरुवातीचा जो झुलता आवाज आहे तो पेटीवर असा: सा ग प एकत्र दाबा, मग ग सोडून म दाबा, मग परत ग. तुमच्या पट्टीत पांढरी पाच, पांढरी सात आणि वरची पांढरी दोन. यातली मधली पांढरी सात सोडून शेजारची वरची पांढरी एक घ्यायची आणि परत यायचं. बाकी दोन बोटं हलवायची नाहीत. एका बोटाचं काम आहे, पण ते बोट उचलण्याआधी दुसरं बसलं पाहिजे, नाहीतर मध्ये भोक पडते.

एक सावधगिरी: गाणं उठते ते सा च्या कॉर्डवर नाही, म च्या कॉर्डवर. सा-ग-प ऐकत बसलेल्या मुलीला पहिला सूर चुकीच्या जागी लागतो तो याच्यामुळं. उचलायच्या आधी तिच्या कानात पहिला सूर पेटीवर हळूच द्या.

सहा_तारा

पांढरी पाच म्हणजे गिटारचा जी. नवशिक्यालाही हे कॉर्ड सोपे पडतात. लागणारे कॉर्ड: जी, सी, डी, ई मायनर, बी मायनर, ए मायनर, आणि झुलत्या भागासाठी जी सस फोर, म्हणजे जी मधला ग काढून म घेतलेला कॉर्ड. पहिल्या ओळीत सी, डी, ई मायनर. दुसरीत सी, जी, बी मायनर, ई मायनर. तिसरीत डी, सी, बी मायनर, ए मायनर असे पायरी पायरीनं खाली उतरायचं. ही उतरण गाण्याचा जीव आहे. इथं एकही कॉर्ड गाळू नका. बी मायनर अवघड म्हणून बरेच जण डी वरून सरळ ए मायनरवर उडी मारतात, मग उतरण राहत नाही, खड्डा होतो. कडव्याच्या पहिल्या अर्ध्या भागाअखेर सी, डी, डी सेव्हन.

बी मायनरचा पूर्ण बार, म्हणजे एका बोटानं सगळ्या तारा दाबणं, जमत नसेल तर वरच्या चारच तारा घ्या: चौथी तार चौथ्या पडद्यावर, तिसरी चौथ्या, दुसरी तिसऱ्या, पहिली दुसऱ्या. पाचवी-सहावी वाजवायची नाही.

जी सस फोर मध्ये हमखास चूक होते. दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यात बोट ठेवलं की झालं असं वाटतं, पण जी धरताना पाचव्या तारेवर दुसऱ्या पडद्यात जे बोट असतं तो सूर म्हणजे खालचा ग. तो वाजत राहिला आणि वर म वाजला की कुरकुर ऐकू येते. पाचवी तार मुकी करा, सहाव्या तारेवरचंच बोट थोडं झुकवून ती दाबता येते.

उजवा हात: एका मापात, म्हणजे तीन मात्रांत, सहा छेडण्या, दोन छेडण्यांना एक मात्रा. अंगठा मूळ तारेवर, मग तिसरी, दुसरी, पहिली, दुसरी, तिसरी. अंगठ्याची तार: जी आणि ई मायनरला सहावी, सी आणि ए मायनरला पाचवी, डी ला चौथी. छोट्या बी मायनरला चौथीच. जोर फक्त अंगठ्याला. सहाही छेडण्या सारख्या जोरात आल्या तर शिवणयंत्रासारखं वाजतं.

आता मे महिन्याचं. आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन वाद्यांना वेगवेगळ्या दिशेनं ओढतं, हे आधी माहीत असलेलं बरं. गिटारची पोलादी तार तापून सैल पडते, सूर उतरतो. बासरीत हवा गरम झाली की सूर चढतो. तबल्याचं कातडं कोरड्या हवेत ताणतं आणि चढतं. पेटीची सूर देणारी धातूची पत्ती किंचित उतरते, पण ती कार्यक्रमात कोणी हलवू शकत नाही. म्हणून सगळ्यांनी पेटीला मिळवायचं, मोबाईलच्या ट्यूनरला नाही. आणि हे घरी करून उपयोग नाही. ज्या मंडपात वाजवायचं तिथं वाद्यं निदान अर्धा तास आधी सावलीत ठेवा, मग मिळवा, आणि या गाण्याच्या अगदी आधी पुन्हा एकदा. निवेदन चालू असताना आवाज बंद करून हे होऊन जातं.

कूलर हा मोठा शत्रू. मंडपात कूलर स्टेजकडं तोंड करून लावतात, आणि तबल्याला ओली हवा सरळ लागली की दहा मिनिटांत पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल होते. कूलर प्रेक्षकांकडं वळवा. त्याची घरघर माइकमध्ये येते तेही वाचतं.

गिटार दुपारभर गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. ब्रिजचा, म्हणजे तारा अडकवलेल्या लाकडी पट्टीचा, गोंद मऊ होऊन ब्रिज उचलतो आणि ती गिटार पुन्हा सुरात राहत नाही. तारा नवीन टाकायच्या असतील तर तीन-चार दिवस आधी, रोज हातानं ताणून आणि परत मिळवून. कार्यक्रमाच्या दिवशी टाकलेली तार दर गाण्याला उतरते.

बासरीवाल्याला एक कडवं एकट्याला द्या, शब्दांशिवाय. जेम्स गॅल्वे या बासरीवादकानं ही चाल पाश्चात्त्य बासरीवर वाजवली होती. १९७८ मध्ये ती ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, म्हणजे शब्द नसले तरी ही चाल उभी राहते. तुमच्या इंग्रजी न समजणाऱ्या श्रोत्यांसाठी तर ते कडवं सोन्यासारखं. बासरीचा माइक फुंकेच्या समोर नको, बोटांच्या बाजूनं तिरपा, वीतभर अंतरावर. समोर धरला की फू-फू ऐकू येतं.

कागदपत्रं_वणी

मराठी शब्दांबद्दल. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या, रचना करणाऱ्याच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. डेन्व्हर १९९७ मध्ये गेले, म्हणजे २०५७ संपेपर्यंत. भाषांतर करण्याचा हक्कही त्यातच येतो.

लग्नात गाणं वाजवायला-म्हणायला मात्र सूट आहे. कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभातलं सादरीकरण उल्लंघन मानलेलं नाही, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे धरले आहेत. आदल्या संध्याकाळचा घरचा कार्यक्रम त्यात बसतो. तिकीट लावलं किंवा कुणाची जाहिरात लावली तर गोष्ट वेगळी होते.

ही सूट मंडपापुरती आहे. व्हिडिओ इंटरनेटवर टाकला की तिचा आधार राहत नाही. मराठी शब्द बसवून टाकला तर आणखी अवघड, कारण भाषांतराला परवानगी लागते. तेव्हा मूळ शब्दच म्हणा. अर्थ निवेदनात तुमच्या शब्दांत सांगा, चालीवर बसवू नका.

पेटीमास्तर_आर्वी

कायदा सोडला तरी मराठी शब्द बसवू नका हेच माझं मत. इंग्रजीत ओळीच्या शेवटी आघात नसलेला अर्धा तुकडा लोंबत राहतो आणि चाल त्याच्यावर उतरते. मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर तिथं ओढावं लागते आणि ते रडक्यासारखं ऐकू येते.

निवेदक_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसऱ्या ओळीचे ते दोन छोटे शब्द, तिथंच चूक होती. टाळीवर म्हणून पाहिलं आणि बसलं.

निवेदनाचा कच्चा मसुदा टाकतो, तपासा:

“मंडळी, आता एक परदेशी गाणं. अमेरिकेतले गायक जॉन डेन्व्हर एकदा बर्फाच्या डोंगरावर गेले होते. तारेवरच्या खुर्चीत बसून वर जाताना त्यांना आपली बायको अ‍ॅनी आठवली आणि अवघ्या दहा मिनिटांत हे अजरामर गाणं पूर्ण झालं. आयुष्यभर एकमेकांना साथ देणाऱ्या या जोडप्याचं प्रेम या गाण्यात आहे.”

जुनी_तबकडी

दोन ठिकाणी दुरुस्ती. ‘आयुष्यभर साथ देणाऱ्या’ काढा, ते खरं नाही. घटस्फोटाचा उल्लेख लग्नाच्या मंडपात करू नका, तो तिथं अस्थानी आहे. पण न सांगणं वेगळं आणि उलटं सांगणं वेगळं. समोरच्या शंभरात एकाला जरी माहीत असलं तरी तुमची बाकीची खरी गोष्टही खोटी ठरते. आणि ‘दहा मिनिटांत पूर्ण झालं’ ऐवजी ‘सुचलं’ म्हणा.

‘अजरामर’ही काढा. निवेदनात असे शब्द आले की माणसं ऐकणं सोडतात.

कठीण काळानंतरचं गाणं आहे हे जरूर सांगा. ज्यांच्या लग्नाला ३०-४० वर्षं झाली ते सगळे समोर बसलेले असतील, आणि हे वाक्य त्यांच्यासाठी आहे. असं काहीसं करा:

“मंडळी, आता एक दूरदेशीचं गाणं. अमेरिकेत बर्फाच्या डोंगरात राहणारे एक गायक होते, जॉन डेन्व्हर. त्यांच्या लग्नाला काही वर्षं झाली होती. मध्ये कठीण दिवस येऊन गेले होते आणि घर पुन्हा सावरत होतं. एक दिवस ते डोंगरावर गेले. तारेवरच्या खुर्चीत बसून वर चढताना आजूबाजूचं सगळं इतकं सुंदर दिसलं की त्यांना घरची माणूस आठवली. दहा मिनिटांत गाणं सुचलं, आणि घरी येऊन त्यांनी ते लिहून काढलं. गाण्यात ते बायकोला म्हणतात: रात्री रानातून जाताना जसं मन भरून येतं, पहिल्या पावसात चालताना जसं वाटतं, तसं तू असलीस की वाटतं. तू पुन्हा ये, आणि माझं मन पुन्हा भरून टाक. बायकोचं नाव अ‍ॅनी. पण गाण्यात ते नाव कुठेच नाही. ऐकताना तुम्ही ज्याचं नाव घ्याल, गाणं त्याचं.”

सावकाश वाचलं तर दीड मिनिटाच्या आत होतं. ‘पहिला पाऊस’ मी घातला आहे, मूळात नुसता पाऊस आहे. मे महिन्यात आपल्याकडं तो शब्द ऐकला की माणसं मान वर करतात, म्हणून ठेवा.

निवेदक_दारव्हा

‘घरची माणूस’ की ‘घरधनीण’? समोरच्या मंडळींना कोणतं जवळचं वाटेल?

पेटीमास्तर_आर्वी

‘घरची लक्ष्मी’ लग्नपत्रिकेत फार झालं, ‘घरधनीण’ नाटकी वाटते. सरळ ‘बायको’ म्हणा.

आणि निवेदनाची शेवटची दोन वाक्यं चालू असतानाच गिटारनं तो झुलता भाग हळू सुरू करावा, जी, जी सस फोर, जी. बोलणं संपल्यावर दोन पूर्ण आवर्तनं जाऊ द्या. बारा मात्रांच्या त्या जागेत गाणारीला पहिला सूर द्या, आणि बाराव्या मात्रेवर तिनं पहिला शब्द उचलायचा. टाळ्या आल्या तर त्या थांबेपर्यंत आणखी दोन आवर्तनं घ्या. मध्येच अर्ध्यावर उचलू नका, तबलजीची सम हरवते.

सहा_तारा

त्या वेळी गिटारचा आवाज निवेदकाच्या आवाजाच्या खाली ठेवायला साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा. गाणं सुरू झाल्यावर किती वर न्यायचा ते सरावातच ठरवून बटणाशेजारी टेपच्या तुकड्यावर खूण करा. ऐन वेळी तो जेवायला गेलेला असतो.